इंडक्शनवर वॅट कधी, टेंपरेचर कधी?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी इंडक्शन आलं ते सिलिंडर ऐनवेळी संपला तर अडायला नको म्हणून. आईला त्यावरचं एकच बटण माहीत, चालू-बंद. मग एकदा लोणी कढवताना बेरी काळी ठिक्कर पडली, तेव्हा कुठे मी बाकीची बटणं नीट पाहिली.

मोडचं बटण दाबत गेलं की आकडे दोन तऱ्हांचे येतात. ८००, १२००, २००० हे वॅट. १२०, १८०, २४० हे अंश सेल्सिअस. वॅटवर शेगडी ठरलेली ताकद भांड्यात ओतत राहते, आत काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. टेंपरेचरवर ती आधी जोर लावते, आकडा गाठला की थांबते, निवलं की परत लागते. मध्येच घूं आवाज बंद पडला म्हणजे शेगडी बिघडली असं नव्हे.

सुरुवात प्लगपासून करा. २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात, त्यामुळे १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. मिक्सरच्या छोट्या प्लगवर भागवू नका. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे आणि बूड सपाट हवं. हे सपाटपण टेंपरेचर मोडला फार महत्त्वाचं, कारण सेन्सर काचेखाली असतो. त्याला काच किती तापली तेवढंच कळतं. बुडाला पोचा आलेला असेल तर काच थंड राहते आणि वर तेल धुरावतं.

आता निवड. भांड्यात पाणी आहे का, एवढंच बघा. आमटी, भात, चहा, बटाटे उकडणं, सगळं वॅटवर. सांगलीत पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरी ९५-९६ला. उघड्या भांड्यात त्यापुढे ते जात नाही, तुम्ही कितीही वॅट लावा. पाणीच राखण करतं. १२०० वॅटवर लिटरभर पाण्याला पाचेक मिनिटांत आधण येतं. उकळी आली की ८००वर आणा. जास्त वॅटने भात लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते.

पाणी संपलं की राखणदार गेला. तुपाचं नेमकं हेच होतं. लोणी आधी ८०० वॅटवर ठेवा. तडतड आवाज येतोय तोवर आत पाणी आहे, काळजी नाही. आवाज मंदावला, फेस बारीक झाला की लगेच टेंपरेचरवर १२० लावा आणि विड्याचं पान टाका. बेरी बदामी झाली की बंद. पातेलं काचेवरून उचलून ठेवा, नाहीतर बुडाच्या उष्णतेनं ती रंगतच राहते.

भडंगालाही टेंपरेचरच. १४०वर तेल तापवून लसणाची एक पाकळी टाकून पाहा: कडेने बारीक बुडबुडे यावेत. लगेच लाल झाली तर एक पायरी खाली या. आकड्यापेक्षा पाकळीचं ऐका, प्रत्येक शेगडीचा १४० वेगळा. शेंगदाणे, कढीपत्ता, लसूण कुरकुरीत झाले की शेगडी बंद करून मगच हळद-तिखट, कारण तिखट जळालं तर घरभर ठसका. मग १२०वर चुरमुरे परतायचे, सावकाश.

पुऱ्यांचं मात्र उलटं. १८०वर तेल तापतं छान, पण गार पुरी पडल्यावर तेल उतरतं आणि काचेखालच्या सेन्सरला ते उशिरा कळतं. पुऱ्या तेल पितात. म्हणून तापवायला टेंपरेचर, तळताना १२००-१४०० वॅट. दोन घाण्यांमध्ये वेळ जाणार असेल तर परत टेंपरेचर. तळण सोडून दार उघडायला जायचं असेल तर सरळ बंद करा.

काम झाल्यावर बटणाने बंद करा, पण आतला पंखा थांबेपर्यंत प्लग ओढू नका.