कॉलेजच्या उद्बोधनाला जाताय? एका खेपेत काय काय उरकायचं

मराठवाड्यात पेरणी आणि ॲडमिशन एकाच वेळी अंगावर येतात. त्यामुळे कॉलेजच्या उद्बोधनासाठी, म्हणजे इंडक्शनसाठी, घरातल्या मोठ्या माणसाला कसाबसा एक दिवस काढता येतो. तो सत्कार-भाषणांत घालवू नका. खरी कामं खिडकीवर असतात.

आठ दिवस आधी

टीसी एकदा जमा झाली की ती कॉलेजकडेच राहते. म्हणून देण्याआधी रंगीत स्कॅन करून चार-पाच झेरॉक्स काढा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार यांचे तीन संच करा. प्रत्येक झेरॉक्सवर विद्यार्थ्याची सही हवी. नॉन-क्रिमीलेयर ३१ मार्चपर्यंतच चालतं. कोणत्या वर्षाचा मार्च, ते दाखल्यावर नीट वाचा.

मग नाव तपासा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हे नेहमीचंच. घोळ होतो तो इंग्रजी स्पेलिंगचा. ‘जाधव’मधला एच एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, असं असेल तर आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या. बोर्डाकडून गुणपत्रिका बदलून आणण्यापेक्षा ते सोपं.

सर्वांत जास्त डोकेदुखी बँकेची. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची, शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात जाते. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं, पैसे तिकडे. शाळेत असताना गावात उघडलेलं खातं केवायसीअभावी बंद पडलेलं असतं आणि पैसे अडकतात. शहरात नवं खातं काढलं, तर आधार त्यालाच जोडावं असा वेगळा अर्ज द्या. आधारला मोबाईलही विद्यार्थ्याचाच जोडा. नाहीतर ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो, आणि वडील असतात रानात, रेंजबाहेर.

आदल्या दिवशी

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं. ते ऑनलाइन भरतात. दोघांचे मोबाईल नंबर आणि ई-मेल लागतात. पालकांचा ई-मेल नसेल तर आदल्या रात्रीच काढून ठेवा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

त्या दिवशी

कार्यक्रमाच्या तासभर आधी पोचा आणि थेट शिष्यवृत्ती विभाग गाठा. अर्ज कोणत्या टेबलावर तपासतात, हार्ड कॉपी कधीपर्यंत द्यायची, हे तिथेच लिहून घ्या. २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही ही रक्कम मागितली, तर भरण्याआधी याच विभागात विचारा. जे काही भराल त्याची पावती घ्या, आणि तिच्यावर कोणत्या शुल्काचे किती हे वेगवेगळं लिहिलेलं आहे का ते पाहा.

सभागृहात दोनच गोष्टी कान देऊन ऐका: हजेरीचा नियम आणि एटीकेटीचा, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाण्याचा, नियम. बाकी सगळं नोटीस बोर्डावर लागतंच.

वसतिगृह आणि मेस

खोली दुपारी बघा, पत्र्याखालची असेल तर लगेच कळेल. पाणी बोअरचं की टँकरचं, आणि एप्रिल-मेमध्ये किती दिवसांआड, हे वॉर्डनपेक्षा जुन्या पोरांना विचारा. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा हा प्रश्न विचारायला लाजू नका. डिपॉझिट कधी आणि किती कापून परत मिळतं, ते पावतीवर लिहून घ्या. मेसवाल्याशी खाड्याचं आधीच बोला: सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर पैसे वजा होतात, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं. पहिल्या महिन्यात पोरं दर शनिवारी गावाकडे पळतात, आणि असे एक-दोन दिवसांचे खाडे बहुतेक मेसवाले धरत नाहीत.

निघण्याआधी कार्यालयात बोनाफाईडसाठी अर्ज टाका, दोन प्रती मागा. एक एसटीच्या पासला लागते, दुसरी बँकेत.