पोरांना सायकल शिकवायचीय? आधी पेडल काढून टाका

सायकल शिकवायची म्हणजे आपण काय करतो, सीट मागून धरतो, वाकून पळत सुटतो, "पेडल मार, पेडल मार" ओरडत राहतो आणि दहा मिनिटांत कंबर धरते. मोठ्याला मी असंच शिकवलं, महिना गेला आणि शेवटी तो सायकल बाहेर काढली तरी रडायचा, फार वाईट वाटायचं. धाकटीच्या वेळी पद्धतच बदलली आणि ती चार-पाच दिवसांत सुटी चालवायला लागली, म्हणून हे सगळं लिहितोय.

अवघड असतो तो बॅलन्स. पेडल मारणं बऱ्याच पोरांना तीनचाकीवरच आलेलं असतं. म्हणून आधी दोन्ही पेडल काढून टाका, बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, नेहमीसारखं फिरवत बसलात तर ते अजूनच आवळलं जाईल. पाना उभा लावा आणि वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पेडल अशीच सुटतात. बाजूची सपोर्टची चाकं असतील तर तीपण काढाच, कारण त्यांच्यामुळे सायकल झुकतच नाही आणि झुकल्यावर काय करायचं हेच तर शिकायचं असतं. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने जी दुचाकी बनवली तिलापण पेडल नव्हते, माणसं पायाने जमीन ढकलतच जायची.

सीट एवढी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. पुढे वाढेल म्हणून मोठी सायकल घेतात लोक, शिकताना तरी नको, पाय टेकत नाहीत तोवर भीती जात नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे सरकलेलं नको. बुटाची लेस आत खोचून टाका. जागा मोकळी, गाड्या नसलेली आणि टणक हवी, गवतावर पडलं तर कमी लागतं खरं पण चाक नीट पळत नाही. अगदी हलका उतार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता बसून नुसतं चालू दे, मग लांब ढांगा टाकू दे, मग पाय उचलून घसरू दे. आज तीन मोजेपर्यंत, उद्या पाच, असं करत दहापर्यंत आलं की बॅलन्स आला समजा. ब्रेकपण इथेच शिकवा, पेडल लावल्यावर नाही, आणि त्याची बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का ते आधी बघा. नजर समोर, चाकाकडे नाही. सायकल ज्या बाजूला पडतेय त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, हे तोंडाने सांगून फारसं कळत नाही, घसरता घसरता शरीरच शिकतं, म्हणून हँडलला तुम्ही हात लावूच नका. तुम्ही धरलंत की सावरताय तुम्ही, पोरगं नाही. धरावंसं वाटलंच तर काखेत हलका हात ठेवा.

मग पेडल परत लावा, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, आधी हाताने फिरवून आटे सरळ बसतायत ना बघा आणि मगच पाना. सुरुवात करताना एक पेडल पुढे आणि थोडं वर, उजवं असेल तर घड्याळात दोनचा काटा असतो तिथे, त्यावर जोर दिला की सायकल निघते आणि दुसरा पाय आपोआप वर येतो.

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे, कंटाळायच्या आत थांबायचं. पडलं तर धावत जाऊन आरडाओरडा करू नका, जवळ बसा, खरचटलं असेल तर धुवा, परत बसायचं का ते त्यालाच ठरवू दे. माझी लेक एकदा पडल्यावर दोन दिवस सायकलजवळ गेली नाही, मी एका शब्दाने बोललो नाही, तिसऱ्या दिवशी तिनेच हेल्मेट आणून दिलं.

वळणं आणि ब्रेक जमले की सीट थोडी थोडी वर घ्या, चवडे टेकतील इतपत, नाहीतर पुढे गुडघे दुमडून चालवायची सवय लागते.