ख्रिस्तराजाच्या रविवारी येताना: स्वयंसेवकांसाठी

तरुणांचा मेळावा यंदाही ख्रिस्तराजाच्या सणाला, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर चर्चच्या आवारात. (पूर्वी धर्मप्रांतातला, म्हणजे एका बिशपांच्या विभागातला, युवा दिन झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी असायचा, २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी तो या सणावर आणला.) नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड आणि चिकटपट्टी आदल्या दिवशीच आणून ठेवा. बोर्ड घरून आणणाऱ्याने तो लावून बघावा. मागच्या वेळी माझ्याच बोर्डाने ऐन नाव सांगायच्या वेळी माइकचा आवाज घालवला, तेव्हा हे मलाच जास्त लागू आहे.

पाण्याचं आधी बघा. आपल्याकडे नळ रोज येत नाही. टाकी भरली का हे शनिवारी वर चढून बघायचं, वॉचमनकाकांना फोन करून नाही. प्यायला वीस लिटरचे जार: साठ जण धरले तर तीन, आणि एक राखीव. ग्लास स्टीलचे, धुवायला दोघं.

जेवण साधं ठेवलंय: आमटी, कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, भात. शेंगदाणे ज्यांना चालत नाहीत त्यांची सोलापुरात पंचाईतच असते, म्हणून नावं घेतानाच विचारा आणि आचाऱ्याला सांगा. आमटीत कूट नको, चटणीचा चमचा चटणीतच. मिस्साआधी चहा-नाश्ता मांडायचा नाही. कम्युनियनच्या (मिस्सात पवित्र भाकर घेण्याच्या) आधी तासभर काही खायचं नसतं, पाणी आणि औषध तेवढं चालतं. हे स्वयंसेवकांनाही आहे. ‘चव बघतोय’ म्हणून चार वाजता भजी खाणारे कोण, ते आम्हाला माहीत आहे.

आता खरं काम. आपल्याकडे बरेच जण बाहेरून आलेले असतात: नर्सिंगच्या मुली, नोकरीसाठी आलेले, बदलीवर आलेले. कुणाला कन्नड येतं, कुणाला तेलुगू, कुणाला मल्याळम, मराठी जेमतेम. मागच्या वर्षी एक मुलगा हातात हेल्मेट धरून गाड्यांपाशी वीस मिनिटं फोन बघत उभा होता. आम्ही सगळे पताका बांधण्यात गर्क. शेवटी तो निघूनच गेला, आणि पताका मात्र छान दिसत होत्या. म्हणून यंदा फाटकापाशी दोघं जण फक्त उभे राहतील. त्यांच्या हातात काम द्यायचं नाही, खुर्ची उचलायलाही बोलवायचं नाही. नाव विचारायचं, आत न्यायचं आणि कुणाशी तरी गाठ घालून मगच परत यायचं. ‘तिकडे बसा’ म्हणून हात दाखवणं यात मोडत नाही.

ओळखीचे खेळ एकच ठेवा, तोही छोटा. सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःचा गुण सांगायला लावलं की लाजरी माणसं संडासाच्या रांगेत सापडतात. त्यापेक्षा पंगत बरी. कडक भाकरी पहिल्यांदा बघणारा ती तशीच चावायला जातो. शेजारच्याने ती कुस्करून आमटीत कशी भिजवायची हे दाखवलं की बोलणं आपोआप सुरू होतं. म्हणून बसवताना एक जुना, एक नवा. आपलं टोळकं एका कोपऱ्यात जमलं तर मी स्वतः उठवणार.

फोटो काढण्याआधी विचारा. ग्रुपवर टाकण्याआधी पुन्हा विचारा. कुणाचा नंबर यादीतून घेऊन परस्पर मेसेज करायचा नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

हॉस्टेलच्या वेळा यादीतच लिहून घ्या. बहुतेक फाटकं लवकर बंद होतात, आणि वॉर्डनबाईंशी वाद घालायला फादरना पाठवणं हा उपाय नव्हे. गाणी रंगात आली तरी साडेसातला थांबायचं. सोडायला जाताना दोघं-दोघं जा, त्यांत एक मुलगी असावी. गाडीत पेट्रोल आहे का तेही बघून घ्या. अक्कलकोटकडच्यांना एसटी स्टँडवर नुसतं उतरवून यायचं नाही, गाडी सुटेपर्यंत थांबायचं.

भांडी, चटया, हॉलची किल्ली हे नेहमीचंच. शेवटच्या मुलीचा ‘पोचले’ असा मेसेज येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. तेवढ्यासाठीच थोडी भाकरी आणि दही बाजूला काढून ठेवायला आचाऱ्याला सांगितलंय.