कोरडवाहू रानाचा कस गटाने आणि संशोधकांच्या सोबतीने कसा परत आणावा

सोलापूर, मंगळवेढा, जत, कर्जत, जामखेड या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात ‘रानाचा कस गेला’ असे सगळेच म्हणतात, परंतु तो कोणत्या वाटेने गेला याचा शोध फारसा कोणी घेत नाही. काही कस पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागलेला असतो, काही धान्याच्या आणि कडब्याच्या रूपाने दरवर्षी शेताबाहेर पडलेला असतो, आणि सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीत आलेल्या कर्बाचा, मोठा वाटा उन्हाळ्यात उघड्या, वारंवार नांगरलेल्या मातीतून हवेत गेलेला असतो. या तिन्ही वाटा बंद केल्याशिवाय खताच्या गोण्या वाढवत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतत राहणे होय.

पहिले काम गट बांधण्याचे आहे. एकाच ओढ्याला ज्यांचे पाणी उतरते अशा आठ-दहा शेतकऱ्यांनी एकत्र यावे. भाऊबंदकी किंवा वस्ती पाहून गट केला, तर वरच्या रानातले पाणी खालच्या रानाचा बांध फोडतच राहते. गट झाल्यावर जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र गाठावे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे, १९७० मध्ये देशभरातल्या अशा केंद्रांना जोडणारा समन्वित प्रकल्प सुरू झाला, आणि हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था १९८५ पासून हेच काम करते. एवढे ज्ञान हाताशी असताना ते आपल्या बांधापर्यंत आणण्यासाठी आपणच चार पावले चालून जावीत, असे मला मनापासून वाटते. मात्र जाताना ‘काहीतरी मार्गदर्शन करा’ अशी मोघम विनंती करू नये. ‘आमच्या दीड फूट खोलीच्या, चुनखडीच्या रानात ज्वारी पिवळी पडते, तिथे जस्त द्यावे की शेणखत वाढवावे?’ असा एकच नेमका प्रश्न न्यावा. असा प्रश्न आला की शास्त्रज्ञालाही त्यावर शेतकऱ्याच्याच रानात चाचणी घेता येते. त्यांच्या भाषेत तिला ‘प्रक्षेत्र चाचणी’ म्हणतात, आणि ती घेणे हे कृषी विज्ञान केंद्राचे नेमून दिलेले कामच आहे.

चाचणीच्या आधी माती तपासावी. रब्बीचे पीक निघाल्यानंतर, एप्रिल-मे महिन्यांत, खत टाकण्यापूर्वी नमुना घेणे सोयीचे असते. रानाचा रंग, उतार आणि खोली पाहून त्याचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्यावा. एका भागात नागमोडी चालत आठ ते दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा, त्यातली माती काढून टाकावी आणि मग खड्ड्याच्या एका कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती खुरप्याने तासून प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेले वापरल्यास जस्ताचा आकडा खोटा येऊ शकतो. सर्व माती स्वच्छ कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत जावे. माती ओली असल्यास सावलीत वाळवावी. आमच्या गटातील एकाने पहिल्या वर्षी घाईघाईत बांधालगतच्या जुन्या उकिरड्याजवळची माती घेतली. अहवालात कर्ब भरपूर दिसला आणि त्या भरवशावर त्याने त्या वर्षी शेणखत दुसरीकडे टाकले. त्यामुळे उकिरडा, बांध, विहीर, झाडाची सावली आणि जनावरे बांधण्याची जागा या ठिकाणांपासून दूर राहावे, एवढे मी आग्रहाने सांगतो.

२०१५ पासून मिळू लागलेल्या मृद आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात, पण कोरडवाहू शेतकऱ्याने आधी चार पाहाव्यात: सामू (मातीची आम्लता किंवा विम्लता सांगणारा आकडा, पीएच), सेंद्रिय कर्ब, जस्त आणि गंधक. कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी समजावा. सामू आठच्या वर आणि मातीत मुक्त चुना असेल, तर जस्त आणि लोह मातीत असूनही पिकाला लागू होत नाहीत. जस्त दशलक्ष भागांत ०.६ पेक्षा आणि गंधक १० पेक्षा कमी असेल, तर ती कमतरता आहे असे धरून शास्त्रज्ञाशी बोलावे. शेजारच्या कर्नाटकात २००९ मध्ये सुरू झालेल्या भूचेतना कार्यक्रमात पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने राज्याच्या कृषी खात्यासह गावोगावची माती तपासली, तेव्हा जिरायती रानांत गंधक, जस्त आणि बोरॉन यांची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. नत्र-स्फुरद-पालाश एवढाच हिशेब मांडणाऱ्या आपल्या सवयीला त्यातून चांगलाच धडा मिळाला.

अहवाल हाती आला तरी खताकडे वळण्याआधी माती जागेवर धरावी. एक हेक्टर रानातून वरचा अवघा एक मिलिमीटर थर वाहून गेला, तर ती दहा घनमीटर, म्हणजे सुमारे तेरा टन माती होते, आणि जाणारी माती वरची, सर्वांत कसदार असते. वळवाचा जोरदार पाऊस पडल्यावर बांधाच्या सांडीवर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर, उभे राहून ओंजळभर गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी बसलेला मऊ काळा गाळ पाहिला की कोणाला वेगळे समजवावे लागत नाही. बांधबंदिस्तीची दुरुस्ती गटाने वरच्या रानापासून सुरू करून खाली यावे. मशागत आणि पेरणी उताराला आडवी करावी. रब्बीसाठी राखलेल्या रानात जून-जुलैमध्येच बंदिस्त वाफे, म्हणजे चारही बाजूंनी छोटे वरंबे असलेले वाफे, पाडावेत, म्हणजे पडेल तो पाऊस जागच्या जागी मुरतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या पेरणीला ओल मिळते. मुरमाड, हलक्या रानावर तलावातील गाळ टाकणे उपयोगी ठरते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून २०१७ पासून असा गाळ उचलला जातो. परंतु गाळाचाही नमुना आधी तपासून घ्यावा, कारण क्षारांचा गाळ पसरला तर तो परत उचलता येत नाही.

सेंद्रिय कर्बाच्या बाबतीत फसव्या आशा ठेवू नयेत. हेक्टरमधील १५ सेंटिमीटर खोलीच्या मातीचे वजन सुमारे दोन हजार टन भरते, म्हणजे कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर दोन टन कर्ब मातीत टिकून राहायला हवा. पाच टन शेणखतात तो जेमतेम एक टन असतो, आणि त्यातलाही बराचसा जीवाणू खाऊन हवेत सोडतात. म्हणून एका वर्षीच्या खतावर न थांबता दरवर्षी थोडे थोडे, अनेक वाटांनी देत राहावे. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे हिरवळीच्या खताचे झाड लावावे; पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या फांद्या छाटून ज्वारीच्या पेरणीपूर्वी मातीत मिसळाव्यात. उभ्या झाडाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण कमी लागते. मध्यम आणि भारी रानात खरिपात मूग किंवा उडीद घेऊन शेंगा तोडल्यावर पाला रानातच गाडावा. तुरीचा गळलेला पाला झाडून न नेता तिथेच राहू द्यावा, आणि धसकटे जाळू नयेत. शेणखतातून टनाला साधारण पाच किलोच नत्र मिळते, हे ध्यानात ठेवून रासायनिक खताचा हिशेब जुळवावा. मध्यम जमिनीतील कोरडवाहू रब्बी ज्वारीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद अशी आहे. ते फेकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळ्या चाड्यांतून सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) बियांसोबतच ओलीत पेरावे, कारण कोरड्या वरच्या थरात पडलेले खत मुळांना मिळत नाही.

आता चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गिरिपुष्पाचा परिणाम पाहायचा असेल, तर एकाच उंचीवर शेजारी-शेजारी दोन पट्टे आखावेत. एक वर आणि एक खाली ठेवला, तर खालच्या पट्ट्यात साचलेल्या मातीचे श्रेय पाल्याला जाते. वाण, पेरणीची तारीख आणि कोळपणी दोन्हींत सारखीच ठेवावी. हीच चाचणी गटातल्या किमान पाच-सहा जणांनी आपापल्या रानात घ्यावी, म्हणजे एखाद्या रानाचा योगायोग सगळ्यांचा निष्कर्ष होत नाही. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यात तीन ठिकाणी पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन दोरीने आखून ज्वारी आणि वाळलेला कडबा यांचे वेगवेगळे वजन करावे. सरासरी किलोला ४०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन निघते. कडब्याचे वजन टाळू नये, कारण दुष्काळी वर्षात घर त्याच्यावरच तरते.

प्रत्येकाने दोनशे पानी वहीत पावसाची तारीख आणि मिलिमीटर, पेरणी, खत, मजुरी आणि वजन लिहावे, आणि पाऊस मोजायला गटाने एक साधे पर्जन्यमापक घ्यावे. पीक उभे असताना एकदा आणि काढणीनंतर एकदा शास्त्रज्ञांना बोलावून बैठक त्या पट्ट्यांच्या कडेलाच घ्यावी. ज्याची चाचणी फसली त्याने आधी बोलावे, आणि इतरांनी त्याला दोष न देता वही वाचावी. ओल कमी पडल्यामुळे गाडलेला पाला कुजला नाही, यासारख्या गोष्टी अशाच बैठकीत कळतात आणि पुढच्या हंगामाची चाचणी त्यावरूनच ठरते. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच भागातून, तेवढ्याच खोलीवरून पुन्हा नमुना घ्यावा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्यावा. त्यासाठी पहिल्याच वर्षी नमुन्याच्या जागांचा कच्चा नकाशा वहीच्या शेवटच्या पानावर काढून ठेवावा.