आधी तरंगू द्या, मग वात लावा

रॉकेटचं इंजिन म्हटलं की आपल्याला दिवाळीतला बाण आठवतो. तीच कल्पना डोक्यात घेऊन मी बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनच्या गवतावर गेलो होतो. तिथे एका आजोबांनी खिशातून अंगठ्याएवढी अ‍ॅल्युमिनियमची डबी काढली. जेटेक्स 50! मॉडेल विमानांचं चिमुकलं रॉकेट इंजिन. विल्मॉट मॅन्सूर या इंग्लिश कंपनीने 1948मध्ये जेटेक्स इंजिनं बाजारात आणली. बाणातल्या दारूऐवजी यात ग्वानिडिन नायट्रेट या रसायनाची दाबून केलेली वडी असते. ती भडकत नाही, दहा-पंधरा सेकंद फुसफुसत जळते. जोर अर्धा औंस, म्हणजे जेमतेम 14 ग्रॅम.

या 14 ग्रॅमनी माझी खोड मोडली. पहिलं विमान मी हौसेने दोन हात रंग देऊन सजवलं, नुसतं हाताने फेकून पाहिलंच नाही आणि थेट वात लावली. विमानाने नाक वर केलं, उलटी कोलांटी घेतली, जमिनीवर आपटलं आणि उरलेले सेकंद तिथेच फुसफुसत बसलं. हसू नका, तुमचंही होईल.

म्हणून आधी इंजिन बसवून, पण न पेटवता, उंच गवतावर अलगद सोडा. नाक खुपसलं तर शेपटाकडे, नाक वर करून डुचमळलं तर नाकाकडे चिमूटभर प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) लावा. सरळ तरंगेपर्यंत काडेपेटी खिशातच राहू द्या. इंजिन पोटाखाली, तोलाच्या बिंदूजवळ हवं. वडी जळून हलकी झाली तरी तोल बिघडत नाही.

भरताना वडीवर वातीचं वेटोळं, त्यावर जाळी, मग वातीचं टोक नोझलमधून, म्हणजे झोत सुटायच्या बारीक भोकातून, बाहेर. झाकण स्प्रिंगने धरलेलं असतं. नोझल तुंबलं तर दाबाने झाकणच उचललं जातं, डबी फुटत नाही. मात्र झाकणाचं सील गळकं असेल तर जोर तिथूनच निसटतो. प्रत्येक उड्डाणानंतर नोझलमधली काजळी काढा. मी आळस केला की इंजिन हटकून रुसतं. जुन्या संचातली सीलं अ‍ॅस्बेस्टॉसची असतात, ती घासू-कापू नका. आणि घरी वडी बनवायच्या फंदात मुळीच पडू नका. पुढे चेक प्रजासत्ताकातून एकदाच वापरायची रॅपिअर इंजिनं आली, त्यात ही भराभरी नाही. मला मात्र तीच आवडते.

वात पेटली की लगेच सोडू नका. फुसफुस भरून येऊ द्या, हाताला ओढ जाणवू द्या. मग ढकलू नका, फक्त बोटं उघडा.