महिलांच्या जॅकेटचा एचएस कोड: आधी कापड, मग झिप, नाव शेवटी

इनव्हॉइसवर ‘लेडीज जॅकेट’ एवढेच लिहून आलेला माल कस्टम्सच्या भाषेत जवळजवळ काहीच सांगत नाही. एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आकड्यांत, ते जॅकेट 6102, 6104, 6110, 6113, 6202, 6204, 6210 यांपैकी कुठल्याही हेडिंगमध्ये (कोडच्या पहिल्या चार अंकांच्या गटात) बसू शकते, चामड्याचे असेल तर 4203 मध्येही. कोड शोधताना बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. सुरुवात कापडापासून करायची.

सर्वात आधी कपड्यांच्या चॅप्टर (कोडचे पहिले दोन अंक) 61 आणि 62 च्या बाहेर जाणारा माल वेगळा काढा. अस्सल चामड्याचे जॅकेट 4203.10 मध्ये जाते. प्राण्याच्या फरचे, फरचे अस्तर असलेले किंवा बाहेरून फर लावलेले जॅकेट 4303.10 मध्ये. फर फक्त कॉलरला किंवा बाहीच्या काठाला शोभेपुरती असेल तर मात्र ते जॅकेट कापडाच्याच हेडिंगमध्ये राहते. ‘पीयू लेदर’ला, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या नकली चामड्याला, इथेच थांबवा, त्याकडे पुढे येऊ.

आता कापड मागावरचे की होजियरीचे, हे ठरवा. मराठीत आपण दोन्हींना ‘विणलेले’ म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. उभे-आडवे धागे एकमेकांना काटकोनात ओलांडत असतील तर चॅप्टर 62. धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतील, म्हणजे टी-शर्ट किंवा स्वेटरसारखे, तर चॅप्टर 61. दहापट भिंगाखाली कापडाचा तुकडा धरा आणि कडेचा एक धागा ओढा: मागावरचे कापड सरळ उसवते, होजियरीत फासे दिसतात. तपासायचे ते बाहेरचे कापड. अस्तर आणि आतली भर सहसा हिशेबात धरत नाहीत. पिसे भरलेले पफर जॅकेट म्हणूनच बाहेरच्या नायलॉनवर ठरते, पिसांवर नाही.

सर्वाधिक चुका यापुढच्या पायरीवर होतात. बाहेरचे कापड प्लास्टिकने कोट किंवा लॅमिनेट केलेले असेल तर ते 5903 चे कापड ठरते आणि त्याचे जॅकेट 6210 (मागावरचे) किंवा 6113 (होजियरीचे) मध्ये जाते. ही दोन हेडिंग्ज इतरांवर मात करतात. एखादे जॅकेट 6202 मध्येही बसते आणि 6210 मध्येही, असे दिसले तर 6210 घ्यायचे, हे चॅप्टरच्या टिपेतच सांगितले आहे. 6202 च्या प्रकारचे, म्हणजे ऊन-पाऊस-वाऱ्यासाठीचे महिलांचे जॅकेट असेल तर 6210.30, आणि त्या प्रकारचे नसेल, उदाहरणार्थ ब्लेझरच्या घाटाचे, तर 6210.50.

कोटिंग आणि लॅमिनेशन यांची कसोटी वेगवेगळी आहे. कोटिंग नुसत्या डोळ्यांना दिसले पाहिजे. फक्त रंग बदलला असेल तर ते धरत नाहीत. लॅमिनेशनसाठी ती अट 1 जानेवारी 2022 पासून, म्हणजे एचएस 2022 लागू झाल्यावर, उरलेली नाही. चॅप्टर 59 च्या नव्या टिपेनुसार कापडाला प्लास्टिकची फिल्म जोडलेली असेल तर ती कापलेल्या कडेत दिसो वा न दिसो, ते लॅमिनेटच. टीपीयू (पातळ प्लास्टिक) पडदा असलेली सॉफ्टशेल, म्हणजे मऊ कापडाची वारा अडवणारी, जॅकेटे त्यामुळे थेट या नियमात येतात. उलट, थेंब घरंगळून जातो म्हणून ‘वॉटरप्रूफ’ लिहून आलेल्या कित्येक जॅकेटांवर फक्त न दिसणारे फिनिश असते. ती 6202 मध्येच राहतात. पाणी शिंपडून कोड ठरत नाही. पुरवठादाराकडून कापडाचा स्पेक मागा.

पीयू लेदरचे उत्तर दोन प्रश्नांवर अवलंबून आहे. प्लास्टिकचा थर फेसाळ असून मागचे कापड केवळ आधारापुरते असेल तर ते कापड उरतच नाही, प्लास्टिक ठरते, आणि जॅकेट 3926.20 मध्ये जाते. तसे नसेल तर मागचे कापड बघा: होजियरीचे असल्यास 6113, मागावरचे असल्यास 6210.

कोटिंग किंवा लॅमिनेशन नसेल तर उरतो जॅकेटचा घाट. इथे झिप निर्णायक आहे. टॅरिफच्या अर्थाने ‘जॅकेट किंवा ब्लेझर’ (6104, 6204) म्हणजे समोर पूर्ण उघडणारे, झिप नसलेले, मांडीच्या मध्याखाली न जाणारे आणि दुसऱ्या कोट-जॅकेटवर घालण्यासाठी नसलेले वस्त्र. बटणे चालतात, समोर काहीच नसले तरी चालते. पूर्ण झिप दिसली की 6204 चा विचार सोडा आणि 6202 कडे बघा: हूड, खाली दोरी, आवळता येणाऱ्या बाह्या, भर घातलेले अस्तर या सगळ्या खुणा तिकडेच नेतात. होजियरीत पेच थोडा जास्त आहे, कारण झिपचे फ्लीस 6102 मध्येही जाऊ शकते आणि स्वेटर-कार्डिगनच्या 6110 मध्येही. सर्व कपड्यांवरून, हवामानापासून बचावासाठी घालायचे असेल तर 6102. घरातही घालावे असे पातळ, साधे असेल तर 6110. भर घातलेले बिनबाह्यांचे होजियरी जाकीट मात्र 6110 मध्ये टाकू नका, ते 6102 चे.

महिलांचे की पुरुषांचे? समोर उजवी बाजू डावीवर येत असेल तर महिलांचे. कापणीवरून वेगळे स्पष्ट दिसत असेल तर कापणी खरी. दोन्हींपैकी काहीच ठरत नसेल, जसे युनिसेक्स झिप जॅकेट, तर ते महिलांच्या हेडिंगमध्येच जाते.

शेवटी धागा, वजनाच्या टक्क्यांवर. 6204.31 लोकर, .32 कापूस, .33 सिंथेटिक, .39 इतर, 6202 मध्ये .20 लोकर, .30 कापूस, .40 मानवनिर्मित, .90 इतर. एक सापळा बघा: 40 टक्के कापूस, 35 पॉलिएस्टर, 25 व्हिस्कोस असा ब्लेझर कापसाचा वाटतो, पण आधी धाग्याचा गट, म्हणजे कापूस की मानवनिर्मित, निवडायचा असतो. मानवनिर्मित धागे (सिंथेटिक पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस) मिळून 60 टक्के होतात, मग त्यांच्यात पॉलिएस्टर मोठा, म्हणून 6204.33. पुरवठादाराच्या कागदावर अजूनही 6202.93 दिसले तर समजा की त्याची यादी 2022 पूर्वीची आहे. त्याचा कोड दहा अंकी असला तरी आपल्याशी जुळतात ते पहिले सहाच. पुढचे दोन भारताच्या टॅरिफमधून घ्या.

या कामाला इतके जपायचे कारण दरात आहे. 2018 मध्ये जॅकेटांसह बऱ्याच कपड्यांवरची मूळ ड्यूटी 10 वरून 20 टक्के झाली, आणि काही ओळींवर ‘टक्के किंवा नगामागे ठरावीक रुपये, जे जास्त ते’ असा दर आहे. स्वस्त मालात तो नगाचा दरच लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीची सीमा नगाला 2,500 रुपये आहे: तिथपर्यंत 5 टक्के, वर 18. चुकीचा कोड निघाल्यास फरकाची मागणी 2 वर्षांपर्यंत, आणि माहिती दडवल्याचे ठरले तर 5 वर्षांपर्यंत येऊ शकते.

म्हणून इनव्हॉइसवर प्रत्येक स्टाइलची वेगळी ओळ घ्या आणि त्या ओळीत बाहेरच्या कापडाची वीण, धाग्यांचे टक्के, कोटिंग किंवा फिल्म, झिप की बटण, आणि अस्तर लिहून घ्या. शंका राहिली आणि माल वारंवार येणार असेल तर मुंबईतील कस्टम्स अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे माल येण्यापूर्वी अर्ज करा. निर्णय 3 वर्षे चालतो. बांगलादेशातून शून्य ड्यूटीवर आणणार असाल तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरचा कोड आणि बिल ऑफ एन्ट्रीवरचा (कस्टम्सकडे भरलेल्या आयातीच्या कागदावरचा) कोड जुळवून घ्या. 17 मे 2025 च्या अधिसूचनेने तिथले तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून आणायला मुभा ठेवली, तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेली अधिसूचना कस्टम्स ब्रोकरकडून तपासून घ्या.