प्रवासाची नोंद त्याच रात्री करावी

कुटुंबासोबतच्या प्रवासाविषयी लिहायचे असेल, तर घरी परतण्याची वाट न पाहता त्याच रात्री, मुले झोपल्यावर, चार-सहा ओळी लिहून ठेवाव्यात आणि त्यांत छायाचित्रात न येणाऱ्या गोष्टी आवर्जून टिपाव्यात. मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेल्यास तट-बुरूज छायाचित्रांत येतातच, आणि बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले ही माहिती पुस्तकातही मिळते. मात्र चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे कसे, असे नातीने विचारल्यावर आजोबांनी काय उत्तर दिले, हे कोठेही सापडणार नाही. असे संवाद बोलले गेले तसेच, मालवणीत असतील तर मालवणीतच लिहावेत. खर्चाची नोंद तारखेसह एका ओळीत पुरे. लेखन सर्वांसाठी खुले करायचे असल्यास ते घरी परतल्यावरच करावे, आणि मुलांची छायाचित्रे देण्यापूर्वी मोबाइलने त्यांसोबत आपोआप साठवलेली ठिकाणाची माहिती काढून टाकावी. शाळेचा गणवेश किंवा घराची पाटी दिसणारे छायाचित्र तर देऊच नये. मुले जाणती असतील, तर आधी त्यांना विचारावे आणि ती नको म्हणाली, तर ते मान्य करावे.